जागत्या डोंगरासाठी मागणं

देवा, आज घरासाठी, पावसासाठी, लेकरांसाठी काही मागायला बसलेलो नाही. आजचं मागणं आहे परमुलखातल्या एका डोंगरासाठी आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांसाठी. तुला सगळं ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरी मागणाऱ्याने आधी नीट सांगावं, आपण कुणाबद्दल बोलतो आहोत ते. मोघम मागण्याची मला भीती वाटते.

मुंबईपासून दक्षिण-नैर्ऋत्येला, साडेचार हजार किलोमीटरांहून दूर, हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे. राज्य फ्रान्सचं. वस्ती आफ्रिका, मादागास्कर, युरोप, चीन आणि आपल्या तमिळ मुलखातून गेलेल्यांच्या वंशजांची. बेटाच्या आग्नेय अंगाला पितों द ला फुर्नेझ उभा आहे, उंची २,६३२ मीटर. सतराव्या शतकापासूनच्या नोंदी धरल्या तर तो दीडशेहून अधिक वेळा उसळला आहे. जगातले मोजके ज्वालामुखी फार वेळ झोपत नाहीत, त्यांतला हा एक.

त्याचं तुझ्याशी नातं काय, असं माणसं मला विचारतात. मी त्यांना पायाखालचा कातळ दाखवतो.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आमची ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. मादागास्करपासून सुटून एकटीच उत्तरेकडे निघाली होती. तेव्हा खोल पोटातून तापलेल्या खडकाचा एक स्तंभ वर चढत आला आणि तिला खालून भिडला. जमीन फाटली. एखाद्या शिखराच्या तोंडातून नव्हे, मैलोन् मैल लांब भेगांतून लाव्हा वाहिला. थांबला, निवला, त्याच्या माथ्याची माती झाली, मग पुन्हा वाहिला. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे ही सगळी वही उघडी पडते. काळा कातळ, त्यावर भोकाभोकांचा मांजऱ्या, मग गेरूच्या रंगाचा लाल पट्टा, पुन्हा कातळ. तो लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधे तू दिलेली उसंत. गाडी वळणावर असताना मी तो पाहतो आणि मनातल्या मनात हात जोडतो. शेजारी बसलेल्याला वाटतं, याला घाट लागतो.

आजही पाच लाख चौरस किलोमीटरांवर तो लाव्हा पसरलेला आहे. सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. त्यातूनच आमची काळी माती झाली, तिच्यात ज्वारी आणि कापूस आला. त्यातच वेरूळ खोदलं, अजिंठा खोदला, त्याच्याच कड्यांच्या भरवशावर रायगड उभा राहिला. आजीचं जातं त्याचंच, पाटा-वरवंटा त्याचाच. वेशीवर शेंदूर लावून ज्याला आम्ही तुझं नाव दिलं तो धोंडाही त्याचाच. तुला आम्ही निवलेल्या आगीत पाहिलं, देवा. धगधगत्या आगीत पाहायची वेळ आमच्यावर आली नाही, कारण आम्ही फार उशिरा जन्मलो.

जे तेव्हा होते त्यांच्यावर ती आली. डायनासोरांचा शेवट मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीने किती केला आणि दख्खनच्या या वायूंनी किती, यावर जाणकारांचे वाद अजून मिटलेले नाहीत. तो हिशोब तुझ्याकडेच राहू दे. मी एवढंच म्हणतो की आमच्या सुपीक मातीखाली कुणाचा तरी शेवट पुरलेला असू शकतो, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडताना त्याची मला अधूनमधून आठवण राहावी.

पुढे काय झालं, ते मला सगळ्यात नवलाचं वाटतं. भूमी पुढे सरकली, आग मागे राहिली. तळातला स्तंभ जवळजवळ जागच्या जागी आणि वरचं कवच उत्तरेकडे चाललेलं, त्या काळी वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहूनही जास्त वेगाने. त्यामुळे एकाच आगीने समुद्राच्या तळावर एकामागून एक डोंगर उठवले. लक्षद्वीपच्या तळाचे, मग मालदीवच्या, मग छागोसच्या. नंतर महासागराच्या मधली भेग त्या आगीवरून सरकली आणि पुढचे डोंगर भेगेच्या पलीकडे, आफ्रिकेच्या बाजूला उठले. साया द माल्याचा बुडालेला उंचवटा, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आता रियुनियन. १९८७ साली ‘जॉयडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने या वाटेवर समुद्रतळाला भोकं पाडून खडक वर काढले. दक्षिणेकडे यावं तसतसं वय कमी होत जातं, असंच त्यात दिसलं. काही भूशास्त्रज्ञांना ही सगळी मांडणी मान्य नाही, हेही सांगून ठेवतो. तुझ्यापुढे एकच बाजू मांडणं बरं नव्हे. पण बहुतेकांचं म्हणणं हेच आहे की ज्या चुलीवर सह्याद्री शिजला, तीच आज पितों द ला फुर्नेझखाली पेटलेली आहे.

म्हणजे तो डोंगर मला परका नाही. माझ्या गावच्या टेकडीचा तो सर्वांत धाकटा भाऊ आहे, आणि घरातलं धाकटं तापट निघालं तर थोरल्याने त्याच्यासाठी तुझ्याकडे शब्द टाकायचा असतो.

लहानपणी शाळेत मला वाटायचं की पृथ्वीच्या पोटात लाव्ह्याचा समुद्र उकळत असतो आणि भोक पडलं की तो बाहेर येतो. तू तसं केलेलं नाहीस. आतला तो थर घट्ट खडकाचाच आहे, फक्त इतका तापलेला की लाखो वर्षांत तो सावकाश वाहतो. प्रचंड दाबाखाली असल्यामुळे तेवढ्या उष्णतेतही तो वितळत नाही. वर चढत येतो, दाब कमी होतो, आणि आणखी तापवल्याशिवायच त्यातला थोडा भाग पाझरायला लागतो. कुकरमधलं पाणी वाफ सुटताक्षणी खळखळून उठतं, तसंच काहीसं. त्या पाझराचा शिलारस होतो, तो हलका असतो, फटी शोधत वर येतो. वितळायला आच वाढावी लागते असं आम्ही धरून चाललो होतो, आणि तू ओझं उतरवून वितळवलंस. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. ती प्रार्थनाच होती असं आता वाटतं.

बेट होण्याआधी डोंगराला लाखो वर्षं अंधारात काम करावं लागतं, हेही किती कमी जणांना ठाऊक! रियुनियनभोवती समुद्र चार किलोमीटरांहून खोल आहे. तळावर लाव्हा बाहेर आला की पाण्याने त्याचं कवच लगेच गोठतं, आत दाटलेला रस ते फोडून पुढे येतो, पुन्हा गोठतो. असे गोळ्यांवर गोळे चढत डोंगर वाढतो. पाणी उथळ झालं की खरा धिंगाणा सुरू होतो. वाफेचे स्फोट, राखेचे लोट. राखेचं बेट वर आलं तरी लाटा ते धुऊन नेतात. टिकतं ते एवढ्याचसाठी की वर लाव्ह्याचं चिलखत चढतं. तळापासून मोजलं तर रियुनियनची उंची सात किलोमीटरांच्या घरात आहे, आणि पाण्यावर जे दिसतं ते अवघ्या डोंगराचं तीनेक टक्के. बाकीच्या सत्त्याण्णव टक्क्यांना ना कुणी पर्यटक, ना कुणी चित्रकार. तू ते पाहतोस, तेवढं पुरे.

सगळीच बेटं टिकावीत असं तुलाही वाटत नसावं. १८३१ च्या उन्हाळ्यात सिसिलीच्या दक्षिणेला समुद्रातून राखेचं एक बेट वर आलं. इंग्रजांनी झेंडा रोवला, सिसिलीच्या राजाने हक्क सांगितला, फ्रेंचही पोचले. भांडण रंगायच्या आत, सहाएक महिन्यांत, समुद्राने बेटच गिळून टाकलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले असतील, तर ते मी आज मानतो.

जी टिकतात तीही कायमची नाहीत. आगीपासून दूर गेलेलं कवच निवतं, जड होतं, खचतं. पाऊस वरून झिजवतो. रियुनियनवर तू पाऊसही भलताच ठेवलास. २००७ च्या फेब्रुवारीत चक्रीवादळात तिथल्या कॉमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस पडला, जगाचा विक्रम. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पितों द ला फुर्नेझच्या डोलोमियू विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरांहून खोल कोसळला, लाव्हा समुद्रापर्यंत गेला, बेटाला नवा किनारा मिळाला. एका हाताने काढून घेतलंस, दुसऱ्याने घातलंस. डोंगर पुरता खचला तरी त्याच्या कडेने प्रवाळ वाढत राहतो. डोंगर दिसेनासा होतो, प्रवाळाचं कडं उरतं. चार्ल्स डार्विनने १८४२ साली हे लिहिलं, त्याआधी सहा वर्षं तो मॉरिशसला उतरून गेला होता. मालदीवची आणि आमच्या लक्षद्वीपची बेटं अशीच. तिथला कोळी नारळाच्या सावलीत जाळं विणतो तेव्हा त्याच्या बैठकीखाली, चुनखडीच्या थरांच्या खाली, दख्खनच्याच आगीचा एक विझलेला डोंगर असतो. समुद्र आता चढतो आहे, देवा, आणि तो आगीमुळे नव्हे, आमच्या धुरामुळे चढतो आहे. त्याचं मागणं वेगळं आहे आणि ते मागायला आधी आम्हाला तोंड असायला हवं.

मॉरिशसवर जरा थांबतो. ते बेट आता शांत आहे, हजारो वर्षं तिथला डोंगर उसळलेला नाही. एका जुन्या विवरात पाणी साठून तळं झालं, त्याला लोकांनी गंगा तलाव केलं आणि महाशिवरात्रीला तिथे पायी जायला लागले. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांसाठी करारावर माणसं नेली गेली, त्यांत आमच्या कोकणातली आणि घाटमाथ्यावरचीही होती. मुंबईच्या बंदरातून जहाजात चढली. कुठे चाललो हे बहुतेकांना नीट सांगितलेलंही नसेल. आणि उतरली तर समोर काय? काळा दगडच. उसाच्या रानातले धोंडे हातांनी वेचून काढायचे, बाजूला राशी रचायच्या. त्या राशी आजही शेतांत उभ्या आहेत. ज्या आगीने केलेल्या कातळावर ती माणसं जन्मली, त्याच आगीने पुढे केलेला कातळ उचलत त्यांच्या पाठी वाकल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी पाठ कमी दुखली नसती.

पण त्यांनी तुला सोडलं नाही. मराठी जपली, गणपती जपला, कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचत राहिली. आज गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जनाच्या मिरवणुकी समुद्राकडे जातात. मॉरिशसच्या नैर्ऋत्येला, समुद्रापलीकडे, रियुनियन. त्या दिवशी धाकटा डोंगर उसळलेला असो वा नसो, त्या मूर्तीच्या कानात माझंही एक वाक्य घाल, की शेजारच्या बेटाकडे लक्ष असू दे.

आता मूळ मागणं.

१९७७ च्या एप्रिलमध्ये रियुनियनच्या त्या डोंगराचा लाव्हा त्याच्याभोवतीच्या नेहमीच्या कड्यांच्या आत राहिला नाही. तो बाहेरच्या उतारावरून पितों सेंत-रोझ या गावात शिरला. माणसं हलवली होती. घरं जळली, पोलीस ठाणं गेलं. गावातल्या चर्चपाशी मात्र प्रवाह दुभंगला, दोन्ही अंगांनी पुढे गेला आणि दाराशी आलेला लाव्हा तिथेच थांबला. आज ते चर्च ‘लाव्ह्याची मेरीमाता’ म्हणून ओळखलं जातं आणि काळ्या गोठलेल्या दगडाने वेढलेलं उभं आहे. लोकांनी त्याला चमत्कार म्हटलं. मी तिथला असतो तर मीही म्हटलं असतं, आणि आयुष्यभर तीच गोष्ट सांगत बसलो असतो.

पण मी तिथला नाही, म्हणून मला दुसरं माणूस दिसतं. चर्चपासून थोड्या अंतरावर ज्याचं घर गेलं, त्यानेही तुलाच हाक मारली असणार. त्याचीही मेणबत्ती त्याच वेदीवर जळली असणार. चर्चचं दार तू राखलंस असं म्हणायचं, तर त्याचं दार तू सोडलंस असंही म्हणावं लागतं. हे मला जमत नाही, देवा. लाव्हा उतार पाहतो, अडथळा पाहतो, निवत जातो आणि कुठेतरी थांबतो. कुठे थांबला यावरून तुझं कुणावर प्रेम आहे हे मी वाचणार नाही. आमच्याकडेही दरड कोसळते, अर्धी वाडी जाते, अर्धी राहते. राहिलेल्यांनी देवाची कृपा म्हणावं आणि गेलेल्यांबद्दल गप्प बसावं, हे मी फार ऐकलं आहे. मला त्या कृपेची लाज वाटते.

तर मी तुला प्रवाह वळवायला सांगत नाही. माझ्या दाराशी थांबव आणि शेजाऱ्याकडे जाऊ दे, अशी प्रार्थना माझ्या तोंडून निघू नये. आग विझव असंही म्हणत नाही. ती विझली असती तर आमचा कातळ नसता, मॉरिशस नसतं, लक्षद्वीप नसतं.

रियुनियनवरच ग्राँ ब्रूलेच्या जळक्या रानाजवळ मेरीची एक मूर्ती होती, हातात निळी छत्री धरलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मळेवाल्याने पीक राखायला ती बसवली. मग लाव्हा जवळ यायचा, आणि गावकरी तिलाच उचलून सुरक्षित जागी नेऊन ठेवायचे. राखणारीला राखावं लागायचं, आणि यात कुणाला काही चुकीचं वाटायचं नाही. मला ही भक्ती फार पटते. आगीपुढे देवालाही जागा सोडावी लागते, तर माणसाने सोडायला कसला कमीपणा? त्याच बेटावर तमिळ वंशजांची मंडळी व्रत करून निखाऱ्यांवरून चालतात. तेही आगीला हरवत नाहीत, आगीची आण पाळतात.

म्हणून माझं मागणं पाहणाऱ्यांसाठी आहे. १९७७ च्या त्या धड्यानंतर फ्रान्सने बूर-म्यूरा इथे वेधशाळा उभारली. डोंगर फुगतो किती, हलतो किती, त्याच्या श्वासात कोणते वायू आहेत, हे तिथली माणसं रात्रंदिवस मोजतात. बारीक हादरे वाढले की विवराकडची वाट बंद करतात. त्यांचे डोळे मिटू देऊ नकोस. त्यांच्या यंत्रांसाठी दरवर्षी पैसे मंजूर करणाऱ्या बाबूंनाही थोडी सद्बुद्धी दे, कारण डोंगर दोन-तीन वर्षं गप्प बसला की आधी त्यांचाच विसर जागा होतो. आणि जेव्हा वेधशाळा ‘निघा’ म्हणेल, तेव्हा निघणाऱ्याच्या मागे गाय, शिवण-यंत्र, लग्नातला फोटो राहून जाईल. त्याला एकदाच मागे वळून पाहू दे, दोनदा नको.

सगळे डोंगर या धाकट्यासारखे सरळ नसतात, हेही जाणतो. याचा लाव्हा पातळ, वाहता. माणसाला पळायला वेळ देतो. जिथे एक कवच दुसऱ्याखाली दडपलं जातं, पाणी सोबत घेऊन जातं, तिथला शिलारस घट्ट आणि वायूने कोंदलेला. १८८३ साली क्राकातोआने छत्तीस हजारांवर माणसं नेली, बहुतेक समुद्राच्या लाटांनी. त्याच जागी वर आलेल्या पोराचा, अनाक क्राकातोआचा, एक उतार २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री समुद्रात घसरला आणि किनाऱ्यावर चारशेहून जास्त माणसं गेली. इशारा मिळाला नाही, कारण यंत्रणा भूकंपाची वाट पाहत होती आणि तो आलाच नाही. त्या रात्रीबद्दल तुला काय विचारावं हे मला कळत नाही. आमच्या अंदमानातल्या बॅरन बेटाची जातही तीच. दीडशेहून जास्त वर्षं झोपून १९९१ मध्ये ते जागं झालं. तिथे वस्ती नाही, म्हणून त्याची चिंता कमी करतो.

शेवटचं एक, आणि ते लहान आहे. रियुनियनच्या पूर्व किनाऱ्याने एक हमरस्ता जातो. दर थोड्या वर्षांनी लाव्हा त्याच्यावरून समुद्राकडे जातो आणि रस्ता कातळाखाली गाडला जातो. मग माणसं येतात आणि त्याच कातळावरून नवा रस्ता करतात. वरचं कवच काळं पडलेलं असतं, पण आत महिनोन् महिने धग असते, पाऊस पडला की वाफा निघतात. आमचे वडार, पाथरवट ज्या दगडाशी जन्मभर झुंजले तोच हा दगड, फक्त ताजा. त्या कामगारांच्या पायांखाली कवच जाड असू दे. यंत्र चालवणाऱ्याला घाई नसू दे, आणि त्याच्या साहेबालाही.